फाटकाकडे वळलेली पिवळी पट्टी

"याच्यात काहीतरी हाये."

हे वाक्य बोलण्याआधी काका छत्रीचं टोक जमिनीवर दोनदा आपटायचे. एकदा हलकं, एकदा जोरात. मग मान तिरपी करून ऐकायचे आणि जमिनीने काही तरी कबूल केल्यासारखे पुढे चालू लागायचे. छत्री बारा महिने हातात. मे महिन्यात रायपूरचा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो, तेव्हाही ती मिटलेलीच असायची. डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात बंद छत्री, हे पाहून नवा माणूस हसायचा. जुने हसत नसत. जुन्यांना काकांची भीती वाटायची.

तुमच्याही रस्त्यावर असा एखादा माणूस असेल. नळाला पाणी कमी आलं तर सगळेच कुरकुरतात, काका जास्त आलं तरी कुरकुरायचे. झाडूवाला वेळेवर आला तर त्याला थांबवून विचारायचे, "आज टाइम पे क्यों आया?" डोळ्यांच्या मोफत तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा त्यांनी दुरूनच मंडपाला वळसा घातला. "फुकट हाये म्हणजे याच्यात काहीतरी हाये." त्या वळशाचा अर्थ मला फार उशिरा लागला.

माणसाकडे बघायची त्यांची तऱ्हाही तशीच. समोर येऊन थांबायचे. कपाळापासून सुरुवात करून नजर सावकाश खाली शर्टाच्या गुंड्यांवर, तिथून चपलांवर आणि मग तितक्याच सावकाश वर. मी मुळात अपराधी चेहऱ्याचा माणूस. दुकानातून काही न घेता बाहेर पडलो तरी हात मोकळे आहेत हे दिसावं म्हणून हलवत चालतो. काकांची ती नजर पडली की माझ्या तोंडून काहीही निघायचं.

"काय लपवून राहिला बे पोट्ट्या?"

"काका, तुमच्या झाडाचे लिंबू मीच तोडले. परवा."

"मले मालूम हाये. दुसरं काय?"

माझे केस पांढरे झाले होते, मुलगा कॉलेजात होता आणि तरी मी पोट्ट्याच होतो.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीने रायपुरात आले आणि इथलेच झाले. घर आमच्या समोर, लोखंडी फाटकाचं, आत एक लिंबाचं झाड. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी नागपूरला. ती दर दिवाळीला यायची आणि दर दिवाळीला एकच विषय काढायची. बाबा, आता चला. आणि काका दर वेळी म्हणायचे, "पाय चालून राहिले तोवर मी या फाटकातून हलत नाही." मुलगी पायांकडे पाहायची. पाय खरंच चालत होते. रोज सकाळी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचे, तिथे पार्सल ऑफिसातला जुना दोस्त भेटायचा, दोघं एकाच पेपरवरून भांडायचे, आणि परत. एवढंच त्यांचं जग होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

आणि नेमका तोच रस्ता आमच्या ऑफिसकडे आला.

मी नकाशे काढतो. चौबे कॉलोनीत आमचं छोटं ऑफिस आहे, रस्ते, चौक, बागा असली कामं करणारं. आमच्या रस्त्याचा एक तुकडा नमुना म्हणून निवडला गेला. मध्यातून ट्राम जाणार, विजेची, जमिनीच्या पातळीवरच्या रुळांवरून. दोन्ही बाजूंना माणसं चालणार. जड गाड्या बंद. रूळ, रस्ता, फुटपाथ सगळं एकाच पातळीत, मध्ये पायरी नाही, कठडा नाही. ट्राम दारासमोरून जाईल आणि लोक तिच्या बाजूने भाजी घेत चालतील, असं ते चित्र होतं. मला ते चित्र फार आवडायचं. अजूनही आवडतं.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी छत्री आपटली. "छोटी लाइनची गाडी बंद केली, रूळ उखडून त्याचा रस्ता केला. आता रस्ता खोदून रूळ टाकून राहिले. याच्यात काहीतरी हाये."

मी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि ऑफिसला निघालो.

समाजभवनात लोकांची बैठक झाली. आमचे मोठे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. "रोड, फुटपाथ, पटरी, सब एक लेवल. व्हीलचेयर चले, बच्चा चले, बुजुर्ग चले." लोक पार्किंगचं विचारत होते, कचरागाडीचं विचारत होते. काका मागून उठले.

"फुटपाथ की किनारी क्यों निकाल रहे हो?"

"चाचाजी, किनारी से लोग ठोकर खाते हैं."

"ठोकर लगती है तभी तो मालूम पड़ता है, फुटपाथ कहाँ खतम हुआ."

लोक हसले. साहेबही हसले. काका हसले नाहीत. बैठक संपेपर्यंत त्यांनी तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला, आणि दुसऱ्यांदा विचारला तेव्हा हसण्याची जागा कुजबुजीने घेतली. आमच्या रस्त्यावरून भनपुरीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे ट्रक आडवाटेने निघायचे. रस्ता पायी लोकांचा झाला तर ट्रक बंद होणार होते. किनारी राहिली तर रस्ता रस्ताच राहतो, मग ट्रकही राहतात. कोणीतरी हे गणित मांडलं आणि ते सगळ्यांना पटलं. काकांना भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी पढवून बसवलंय. मीही त्यावर विश्वास ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही, त्याच्याबद्दल मी हे मानलं, आणि मानताना मला बरंही वाटलं. इतकी वर्षं ते माझ्यावर संशय घेत होते. आता पाळी माझी होती.

काम सुरू झालं. जुना फुटपाथ त्याच्या उंच दगडी काठासकट निघाला, सपाट राखाडी फरशी बसू लागली. काका रोज सकाळी त्या फरशीवरून जायचे, प्रत्येक पावलाला छत्री आपटत. टक, टक. कुठे पोकळ आवाज आला की थांबून पुन्हा टक. ठेकेदाराची झोप उडाली. त्याला खात्री होती की हा म्हातारा तक्रार करणारा आहे, वर कुठेतरी कळवतो. काका जिथे थांबायचे तिथली फरशी तो उचलून पुन्हा बसवायला लावायचा.

"भैया, ये कौन है?" त्याने मला विचारलं.

"रिटायर रेल्वे."

"विजिलेंस?"

मी नाही म्हणालो, पण माझ्या चेहऱ्यावर कोणाचा विश्वास बसतो. आमच्या रस्त्याची फरशी अजून एकाही जागी हललेली नाही, ती काकांच्या छत्रीमुळे.

ट्रामचा एकच डबा चाचणीसाठी आला. पांढरा आणि निळा, समोर झेंडूचा हार, घंटी वाजवत माणसाच्या चालीने सरकणारा. अख्खा रस्ता बाहेर आला होता. मी डब्याच्या पुढे पुढे चालत फोटो काढत होतो, कारण साहेबांना फोटो हवे होते.

काका रुळांच्या मधोमध उभे होते.

डबा थांबला. ड्रायव्हरने घंटी वाजवली. काका हलले नाहीत. पुन्हा घंटी. काका छाती काढून तसेच उभे. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काका, हटना मत," आणि मोबाइल वर आले. ज्यांनी त्यांना भनपुरीचा दलाल म्हटलं होतं तेच आता शिट्ट्या मारत होते. म्हातारा ट्राम अडवून उभा राहिला. आमच्याकडे असं दृश्य कोण सोडतो.

माझं लक्ष कॅमेऱ्यातून त्यांच्या छत्रीवर गेलं. टोक जमिनीवर फिरत होतं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. खाटेखाली अंधारात चप्पल शोधतो तसं. काका काठ शोधत होते. आम्ही तो काढून टाकला होता.

मी पुढे जाऊन त्यांचा दंड धरला.

"कोण?"

"मी काका. डावीकडे या."

"हात सोड," ते ओठ न हलवता म्हणाले. "लोक पाहून राहिले. तू समोर चाल. बोलत चाल."

"काय बोलू?"

"काहीबी. भांडण कर माह्यासंग."

मग मी उलटा चालत भांडू लागलो. काका, हे बरं नाही, सरकारी काम अडवता, वगैरे. काका माझ्या आवाजाच्या मागे एकेक पाऊल टाकत येत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "काहून नाही अडवायचं? रस्ता तुह्या बापाचा हाये का?" फाटकापर्यंत आम्ही असेच भांडत आलो. लोकांचं समाधान झालं. तो व्हिडिओ समता कॉलोनीपर्यंत फिरला. ट्रामसमोर उभे राहिलेले काका.

फाटक लावल्यावर ते पायरीवर बसले. टोपी काढली. केस घामाने चिकटले होते.

"चहा मांडतो," म्हणाले.

आत त्यांनी चहा गाळला तेव्हा उजव्या हाताचं बोट कपाच्या आतल्या काठावर होतं. चहा बोटाला लागला की थांबायचे. कितीतरी वर्षं मी त्या घरात चहा प्यायलो होतो आणि ते बोट मी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल आणि मनात म्हटलं असेल, म्हातारा घाणेरडा आहे.

"काचबिंदू हाये," काका म्हणाले. "दोन्हीकडून पडदा येऊन राहिला. मधात एवढी भोकाएवढी जागा दिसते. तुह्या चेहऱ्यावर धरली तर चेहरा दिसते, पायावर धरली तर पाय. दोन्ही संगमंग नाही दिसत."

ती कपाळापासून चपलांपर्यंत उतरणारी नजर, जिच्यापुढे मी लिंबं कबूल केली होती, ती मला एक तुकडा एक तुकडा करून जोडत होती. पण सगळंच डोळ्यांवर ढकलू नये. काका मूळचेच संशयी होते. पुढचं वाक्य त्याचा पुरावा.

"तू आता कोणाले सांगशील?"

"कोणालाच नाही."

"तुही बायको?"

"नाही."

"ऑफिसात?"

"नाही काका."

"पोरीले कळलं तर ती दुसऱ्या दिवशी सामान बांधते. नागपूरले सहाव्या माळ्यावर राहते ते. तेथं मले कोणता दगड ओळखू येईल? येथं मले सगळं पायाले माहीत हाये. होतं," त्यांनी दुरुस्त केलं. "तुमी उखडून टाकलं."

मी शब्द दिला. पण त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गप्प राहिलो तर त्या सपाट रस्त्यावर आवाज न करता येणारी एखादी ई-रिक्षा त्यांना उडवेल. बोललो तर ते फाटकातून कायमचे बाहेर पडतील. सकाळी त्यांची छत्री ऐकू येईपर्यंत मी दात घासत खिडकीत उभा असायचो.

रेल्वेच्या प्लॅटफॉर्मच्या काठाला पिवळ्या, उठाव असलेल्या फरशीची पट्टी असते ती तुम्ही पाहिली आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना ती तळपायाने कळते. आमच्या पहिल्या नकाशात ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती. साहेबांनीच काढायला लावली होती, राखाडी दगडात पिवळा रंग डोळ्यांत खुपतो म्हणून. चाचणीनंतर दुरुस्त्या काढायच्या होत्या. मी ती पट्टी परत टाकली. चहाच्या टपरीपासून आमच्या टोकापर्यंत, सलग. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण माझा हात तिथे थांबला नाही. मी पट्टीला एक फाटा काढला. तो काटकोनात वळून काकांच्या फाटकाशी संपत होता. रस्त्यावर बाकी कोणाच्याही घरी असा फाटा जात नव्हता.

साहेबांनी बोट ठेवलं. "ये किधर जा रही है?"

"वहाँ बेंच है, सर."

"बेंच कहाँ है ड्रॉइंग में?"

"अभी डाल रहा हूँ."

म्हणून काकांच्या फाटकाबाहेर एक बाकही आला. माझ्या खोटेपणाने रस्त्याला मिळालेली ती एकमेव चांगली वस्तू. संध्याकाळी तिच्यावर अजून माणसं बसतात.

पट्टी बसली त्या सकाळी काका बाहेर आले आणि पहिल्याच पावलाला थांबले. चप्पल काढून अनवाणी पाय ठेवला.

"प्लॅटफॉर्म," ते म्हणाले.

"हव काका."

"कोणी टाकाले सांगितली?"

"नियमच आहे."

"नियम माह्या फाटकापर्यंत येते?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नजर धरली, कपाळावर, मग तोंडावर.

"याच्यात काहीतरी हाये," म्हणाले, पण छत्री आपटली नाही.

तो हिवाळा काकांचा होता. छत्री काखेत, पाय पट्टीवर, आणि चाल अशी की मला मागे पडायला व्हायचं. टपरीवरचा दोस्त म्हणायचा की म्हाताऱ्याला कोणतं तरी चूर्ण सापडलंय. दिवाळीला मुलगी आली तेव्हा काका तिला टपरीपर्यंत घेऊन गेले, तिच्या पुढे चालत. तिने परतल्यावर नागपूरचा विषय काढला नाही. काका मला फाटकातून म्हणाले, "पास झालो." आणि मी घरात जाऊन बायकोला उगाचच विचारलं की आज गोड काही आहे का.

पण रस्ता बघत होता. आमचा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, काही कमी संशयी नाही. आधी ट्राम अडवली, मग घरापर्यंत पिवळी पट्टी आली. दोन गोष्टी लागोपाठ झाल्या की माणसं त्यांना जोडतात.

काकांच्या घराच्या अलीकडे मिठाईचं दुकान आहे. सकाळी पोहा-जिलेबीला तिथे गर्दी असते. मिठाईवाला मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, सच बताओ. काका की ऊपर तक पहचान है ना?"

"नहीं रे. वो तो सबके लिए है."

"सबके लिए है तो मुड़ी सिर्फ उनके यहाँ क्यों?"

मला कारण माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. मी हसलो. त्या हसण्याने त्याची खात्री पटली. दुकानदारांमध्ये अशी समजूत झाली की ज्याच्या दारापर्यंत पिवळी पट्टी, त्याच्या दारासमोर ना ठेला लागत, ना गाडी. दार राखीव. मग प्रत्येकालाच ती हवी झाली. चपलांच्या दुकानवाल्याने अर्ज दिला. मिठाईवाल्याने अर्जाच्या भानगडीत न पडता ठेकेदाराच्या मिस्त्रीला गाठलं, उरलेल्या फरश्या मिळवल्या आणि मुख्य पट्टीपासून आपल्या काचेच्या दारापर्यंत तसाच फाटा बसवून घेतला. तसाच काटकोन. काम सफाईचं होतं.

संध्याकाळी ऑफिसातून येताना मी तो पाहिला. मला पहिला विचार काय आला ते सांगतो. याला परवानगी कोणी दिली? ठेकेदार मिळालेला असणार. साहेबही असतील. रात्री जेवतानासुद्धा मी तेच जुळवत होतो, कोण कोणाला मिळालंय. काका आठवले तेव्हा सकाळ झाली होती आणि मी दात घासत होतो.

मी ब्रश घेऊनच धावलो. काका टपरीवरून परत येत होते, छत्री काखेत, त्या हिवाळ्यातल्या चालीने. फाटा आला, ते वळले, सरळ चालत गेले आणि काचेच्या दारासमोर उभे राहिले. खिशातून किल्ली काढली. एका हाताने दार चाचपलं, दुसऱ्या हाताने किल्ली काचेवर कुलपाच्या उंचीला टेकवली. ती घसरली. पुन्हा टेकवली.

मिठाईवाला बाहेरच्या कढईवर जिलेबी सोडत होता. आधी त्याला वाटलं काकांचं नवं आंदोलन आहे.

"काका, अब दुकान में ताला लगाओगे क्या?"

दोघं-तिघं हसले. पोह्याच्या प्लेटा हातात घेऊन सगळे बघत होते. काकांची बोटं काचेवर फिरत होती, वर, खाली, कडेला, कुलूप शोधत. हसणं कधी थांबलं ते मला आठवत नाही. कढईतल्या तेलाचा आवाज तेवढा आठवतो.

मिठाईवाल्याने झारा खाली ठेवला. पाकाचे हात तसेच घेऊन तो आला. "काका," तो अगदी हळू म्हणाला, "घर आगे है."

"मालूम है," काका म्हणाले. किल्ली मुठीत बंद झाली. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पोट्ट्या, तू हायेस का येथं?"

"हव काका."

"पट्टी वळली."

मी त्यांना त्या दिवशी हात धरूनच घरी नेलं. त्यांनी सोडवला नाही.

त्यानंतर काकांना दयेने घेरलं. ज्यांनी त्यांना दलाल म्हटलं, विजिलेंस म्हटलं, पहचानवाला म्हटलं, ते आता रस्त्यात दिसताच त्यांचा हात धरायचे. दोन माणसं दोन बाजूंनी धरून विचारायची, काका, कहाँ जाना है, आणि उत्तर न ऐकताच ओढायची. पट्टी पायाखालून सुटायची. काका घरातच बसू लागले. मिठाईवाल्याने आपला फाटा दुसऱ्याच दिवशी स्वतः छन्नी-हातोड्याने उखडला. त्या जागी सिमेंटचा ओबडधोबड डाग राहिला, तो तुम्हाला आजही दिसेल. नागपूरला फोनही त्यानेच केला. वाईट हेतूने नाही. चांगल्या माणसाने जे करायला हवं तेच त्याने केलं, आणि मी ते इतके दिवस केलं नव्हतं. यातलं बरोबर काय होतं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मुलगी आली तेव्हा आधी घरात गेली नाही. बाकाजवळ उभी राहिली, पट्टीवरून थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली, वळणावर थांबली. मी माझ्या दारात होतो.

"दादा, हे तुम्हीच काढलं ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं."

"काकांनी सांगू नको म्हटलं होतं."

तिने पायाने तो काटकोन चाचपला. "दिवाळीले बाबा माझ्यापुढं चालत होते," म्हणाली. "मी घरी जाऊन यांना सांगितलं, बाबाची तब्येत मस्त हाये म्हणून."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघायच्या दिवशी गाडी बाकाजवळ लागली. अर्धा रस्ता जमला होता. मिठाईवाल्याने डबा पुढे केला. काकांनी तो कानाशी नेऊन हलवला.

"क्या है इसमें?"

"पेड़े हैं काका."

"मुफत में?"

"मुफत में."

"तब तो इसमें कुछ है," काका म्हणाले, आणि मिठाईवाला हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. मुलगी म्हणाली की घराची किल्ली दादांकडे देऊ, पाणी-बिणी पाहतील. काकांनी खिशावर हात ठेवला. "चावी माह्यापाशी राहीन. मी येऊन राहिलो परत. हे सांगून ठेवतो."

ट्रामचा तो डबा रस्त्याच्या टोकाला ताडपत्रीखाली उभा आहे. येईल म्हणतात. रूळ तयार आहेत, फरशी पक्की आहे आणि माणसं खरोखरच रस्त्याच्या मधून निवांत चालतात. आमच्या कामाचं कौतुक होतं. पट्टीचं कोणी फारसं बोलत नाही. तिच्यावर स्कूटर लागतात, मुलं सायकलचं चाक तिच्यावरून नेऊन खडखड आवाज काढतात, आणि संध्याकाळी वळणावरच गुपचूपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला उभा राहतो, कारण बाकावर गिऱ्हाईक बसतं.

मी रोज त्याला सरकवायला सांगतो.

"किसके लिए, भैया? कोई तो आता नहीं इस पे."

"तू सरका ना."

परवा त्याने पाण्याचं भांडं झाकता झाकता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भैया, बुरा मत मानना. इस पट्टी में आपका कुछ है क्या?"

"हव," मी म्हणालो. "है."

काकांचा फोन संध्याकाळीच येतो. तब्येत विचारली की दोन शब्दांत संपवतात. आता समोरचंही दिसत नाही, एवढं मुलीकडून कळलं. त्यांना लिंबाचं विचारायचं असतं, टपरीवरच्या दोस्ताचं विचारायचं असतं आणि शेवटी ते विचारायचं असतं ज्यासाठी फोन केलेला असतो. काल मी बाहेर पडतच होतो आणि फोन वाजला. ठेला वळणावर, गिऱ्हाईक भोवती.

"पट्टी मोकळी हाये का?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान आता त्यांच्याशी नाही. मी फोन कानाला तसाच धरून, "एक मिनिट काका, पाहतो," म्हणालो आणि ठेलेवाल्याला हाताने खूण केली. तो हलेना. मग मीच खांदा लावला. चाकं फरशीच्या उठावांवरून खडखडत खाली उतरली. मी श्वास आवरला.

"हो काका. मोकळी आहे. फाटकापर्यंत."

पलीकडून सहाव्या माळ्यावरचा पंखा ऐकू येत होता.

"चाकं वाजली," काका म्हणाले. "आताच सरकवला ना ठेला?"

"हव काका."

"उद्या आधी सरकवजो. मग फोन उचलजो."